बाहेरून पाठिंबा

केज तालुक्यातून लग्न होऊन मोशीला आलेल्या कुसुमताईची सगळी उमर चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांच्या तारांचे जुडगे बांधण्यात गेली. जीभ तिखट, पण लाइनवर कुणा पोरीला चक्कर आली, की आपला डबा तिच्यापुढं सरकवणारीही तीच. बाया तिचं ऐकतात, हे हेरून यशवंतरावांनी तिला युनियनच्या निवडणुकीत आपल्या पॅनेलमध्ये घेतलं.

प्रचारात यशवंतराव समोरच्या पॅनेलच्या दादासाहेबांवर गेटवर गरजायचे, "दादासाहेब म्हणजे मालकाचा माणूस! त्याचाच मेव्हणा ठेकेदार बनून पोरींना राबवतो!" कुसुमताई हात दुखेस्तोवर टाळ्या वाजवायची.

निकाल लागला आणि पंचाईत झाली. अकरा जागांत यशवंतरावांचे पाच, दादासाहेबांचे चार, आणि मेंटेनन्समधला निरंजन नि त्याचा एक साथीदार. निरंजन पाठिंबा द्यायला तयार होता. त्याची अट एकच, ठेकेदाराकडच्या पोरींना युनियनमध्ये घ्या. यशवंतराव "बघू" म्हणाले आणि काळेवाडीला दादासाहेबांच्या घरी चहा पिऊन आले. दादासाहेब एकही पद घेणार नव्हते. अध्यक्ष यशवंतराव, त्यांना नुसता बाहेरून पाठिंबा.

"काल ज्याला शिव्या घातल्या, त्याच्याच दारात?" कुसुमताईनं विचारलं.

"ताई, आपल्याकडं संख्या नाही. खुर्ची टिकली तरच कामं होतील."

तिनं ते गिळलं. दुधात माशी दिसत असूनही पेला तोंडाला लावावा, तसं.

मग एकेक मागणी मागं पडत गेली. आधी कँटीनचा विषय बैठकीतून गायब झाला, मग सेकंड शिफ्टच्या बसचा. कुसुमताईनं तोंड उघडलं, की यशवंतराव डोळ्यांनीच दटावायचे. दादासाहेब कोपऱ्यात बसून बडीशेप चघळायचे. त्यांना बोलावंच लागत नव्हतं.

आणि एके दिवशी पिंकीची दोन बोटं प्रेसमध्ये सापडली. ठेकेदाराकडची एकोणीस वर्षांची पोरगी. माल लवकर निघावा म्हणून मशीनचं संरक्षक गार्ड काढून ठेवलेलं होतं. दवाखान्यात कुसुमताई तिच्या उशाशी बसली होती, तेव्हा ठेकेदार आला नि हसत म्हणाला, "घरी दार लागलं म्हणून सांग. नायतर कामावर यायची गरज न्हाई."

कुसुमताई तडक युनियनच्या खोलीत गेली. "काय करायलाव तुम्ही? लेकराची बोटं गेली!"

यशवंतरावांनी दार लोटून घेतलं. "मला कळत नाही का? पण आत्ता बोललो तर दादासाहेब पाठिंबा काढतील. कमिटी पडली तर पिंकीला कोण बघणार?"

"आत्ता कोण बघायलंय?"

ते टेबलावरचे कागद नीट लावू लागले. तिला ठेकेदारापेक्षाही या माणसाची किळस आली.

निरंजननं अविश्वासाचा ठराव आणला. कुसुमताईनं आपल्याच अध्यक्षाविरुद्ध हात वर केला. निरंजनचे दोन, तिचा एक. यशवंतरावांच्या बाजूनं त्यांच्यासकट चारच हात. दादासाहेब उठले, त्यांच्यामागं त्यांचे तिघं. "आम्ही तटस्थ," म्हणाले आणि बाहेर जाऊन तंबाखू मळत उभे राहिले. त्यांनी यशवंतरावांच्या विरोधात हात वर केले असते, तर कमिटी तिथंच पडली असती. तीन विरुद्ध चार! ठराव फेटाळला गेला.

"विश्वास जिंकला!" कुणीतरी ओरडलं. पेढे आधीच आणून ठेवलेले होते. तटस्थ मंडळींनी आत येऊन दोन-दोन उचलले. यशवंतरावांनी एक कुसुमताईपुढं धरला. "राग सोडा आता."

"त्या पोरीच्या हातावर ठेवा न्हेऊन," ती म्हणाली, "धरता आला तर खाईल."

त्याच संध्याकाळी तिनं कमिटी सोडली. निरंजनला बरोबर घेऊन पिंकीची तक्रार सरकारी कामगार कार्यालयात नेली. तिथं तारखा पडताहेत. पिंकीला ठेकेदारानं घरी बसवलं. आता ती डाव्या हातानं भाजी चिरायला शिकते आहे. दादासाहेबांच्या मेव्हण्याला आणखी एका लाइनचा ठेका मिळाला. कमिटीनं मुदत पुरी केली, नवी निवडणूक लागली.

परवा यशवंतराव कुसुमताईच्या दारात आले. शेजारी दादासाहेब. या वेळी दोघांचं एकच पॅनेल. "ताई, महिलांची जागा तुमचीच," यशवंतराव हात जोडून म्हणाले.

कुसुमताई बादलीत फडकं पिळत होती. तिनं दोघांच्या पांढऱ्या चपलांकडं पाहिलं.

"पायरीवरून उतरा," ती म्हणाली. "मला पुसायचीय."