मामांचा एकुलता एक लॅटिन शब्द

लॅटिनचा एकच शब्द शिकून त्यावर सगळं म्हातारपण मजेत काढणारा माणूस अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात एकच असेल, आणि तो माझ्याच वाट्याला मामेसासरा म्हणून आला. बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाल्यावर मामांना रद्दीत एक लॅटिन शब्दकोश मिळाला आणि त्यात 'रुइनोसुस' हे विशेषण सापडलं. अर्थ, पडायला आलेली इमारत. तेव्हापासून मामांना धड उभं असलेलं काही दिसेना. आमच्या वास्तुशांतीच्या पंगतीत जिलेबी हातात धरून ते छताकडे बघत म्हणाले, "छप्पर नपुंसकलिंगी, म्हणून रुइनोसुम." बायको आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, मामा तिचे, शिक्षा मला!

तापीकाठच्या त्यांच्या गावात अंगणवाडी कापसाच्या जुन्या गोदामात भरायची. एका सकाळी मामा भिंतीकडे बोट दाखवत तिच्या दारातच आडवे उभे राहिले. अंगणवाडीच्या ताई वैतागल्या, "मामा, भित उभी शे ना अजून!"

"उभी शे म्हनीसनच सांगी ऱ्हायनू. पडनी म्हंजे सांगाले मी कसाले पाहिजे?"

"मंग पोरेस्ले कोठे बसाडू?"

"मन्हा ओटावर."

गाव पोट धरून हसलं. मामींनी मात्र ओटा सारवला. वीस पोरं, खिचडीचं पातेलं आणि बाराखडीचा तक्ता, सगळं तिथे आलं. नवव्या दिवशी, भर दुपारी, गोदामाचं छप्पर भिंतीसकट खाली बसलं. आत कोणी नव्हतं.

मामांना खांद्यावर घ्यायला माणसं धावली, तर ते ओट्यावरची पोरं पुन्हा पुन्हा मोजत बसलेले. नेमका तेव्हा गावी आलेला मी म्हटलं, "मामा, शब्द खरा ठरला की!" ते हळूच म्हणाले, "जावईबापू, कोशात त्याचे दोन अर्थ आहेत. पडायला आलेली, आणि पडलेली. दुसरा मी मुद्दामच कोणाला सांगितला नव्हता."

वर्षभरानं नवी इमारत झाली. मामांनी ती तासभर तपासली आणि "पक्की शे" म्हणाले, जरा नाराजीनंच. पोरं तिकडे गेली. ओट्यावर एक छोटी ताटली तेवढी राहिली. ती परत करायला मामांना तीन दिवस लागले. नवी अंगणवाडी चार घरं सोडून आहे.