डाव्या हातातली मेंढी

मी शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम करत होते, तेव्हा नामांतराच्या आंदोलनात विद्यापीठ पुन्हा बंद पडलं. नेमकं त्याच आठवड्यात दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, डावं मनगट मोडलं. कंपनीच्या बसमधून उतरताना पाय घसरला, एवढंच. पण वाळूजच्या कारखान्यात ते पत्रा दाबायच्या ज्या प्रेसवर होते, तिची दोन बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबावी लागत, तरच ती खाली यायची. दादा परमनंट व्हायच्या बेतात होते. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी हात पक्का आहे असं लिहून दिलं तरच काम, नाहीतर परत गावाकडं, फुलंब्रीला. आणि तिथं आता आमच्या मेंढ्याही उरल्या नव्हत्या.

घरात सगळे सुतकी चेहऱ्यानं बसलेले. माझा मात्र नुसता संताप होत होता. हातावर हात ठेवून बसणं मला कधी जमलंच नाही.

आमच्या सरांनी वर्गात एकदा सांगितलं होतं, की एका हाताला वजनाचा व्यायाम दिला तर दुसऱ्या, रिकाम्या हाताचीही ताकद थोडी वाढते. शास्त्रज्ञांनी हे मोजून पाहिलेलं आहे. ताकद सगळीच मांसात नसते, मेंदू आणि नसाही ती शिकतात. मी तेव्हा खिडकीबाहेर बघत होते, तरी एवढं कसं कोण जाणे, डोक्यात राहिलं.

"मोडला डावा, आन मेहनत उजव्यानं करायची?" दादा हसले. "हेच शिकवत्यात व्हय तुमाला?"

"करून तर बघा."

"बरं माय, तू म्हणतीस तर."

उजव्या हातानं वरवंटा उचलायचा. तो हलका वाटू लागला की वाळूची पिशवी, मग पिशवीत आणखी वाळू. स्नायूला हळूहळू जड काम देत जावं लागतं, नाहीतर तो आळसावतो, माझ्या भावासारखा. मुठीसाठी काही सापडेना, तेव्हा दादांनीच पेटीतून लोकर कातरायची जुनी कातर काढली. ती गंजून इतकी घट्ट झालेली, की एकेक उघडझाप म्हणजे कसरत.

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या खोलीवरच्या त्या दुपारी आठवल्या की अजून मला अर्धवट झोपेत असल्यासारखं वाटतं. दुकानं बंद, रस्ता रिकामा, दारातून आलेला उन्हाचा पट्टा फरशीवर सावकाश सरकतोय. दादा डोळे मिटून कातर चालवायचे. कर्र, कर्र. उजव्यानं कातरताना डाव्यानं मेंढी दाबून धरायची, ही त्यांची जन्माची सवय. त्यामुळे प्लास्टरबाहेरची बोटंही आपोआप आवळली जायची. मधूनच पुटपुटायचे, "थांब गं, थांब. झालंच." खोलीत लोकरीचा वास भरलाय, असं मला खरंच वाटायचं.

एकदा लांबून मोर्चाच्या घोषणा ऐकू आल्या. कातर थांबली.

"त्यांची मेहनत चाललीया," दादा म्हणाले. "बळ आपल्यालाबी येईल, बघ." आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

प्लास्टर निघालं त्या दिवशी मी मापाची टेप घेऊन दवाखान्यात गेले होते. हात वाळलेला, पांढुरका, उजव्यापेक्षा पार बारीक. टेप लावली आणि आकडा बघून लगेच गुंडाळून ठेवली. सगळं पाण्यात गेलं, तेही माझ्या शहाणपणापायी. मला रडू फुटायचंच बाकी होतं.

डॉक्टरांनी आपली दोन बोटं त्या डाव्या हातात दिली. "दाबा."

दादांनी त्या बोटांकडं पाहिलं, मग डोळे मिटले. रिकाम्या उजव्या हाताची मूठ आपली आपणच उघडझाप करू लागली.

"बास, बास! अहो, सोडा!" डॉक्टर बोटं झटकत हसले आणि कागद ओढून लिहायला लागले. हात बारीकच होता, पण पकड शाबूत होती.

परतताना रिक्षात मी आनंदानं बडबडत होते. शेवटी मी विचारलं, "डोळे कशाला मिटले होते?"

"मेंढी धरली व्हती."

"कोणती?"

"शेवटची. इकली त्या दिशी टेम्पोत चढंना, लई अंगाला चिटकली. म्याच ढकलली." डावा हात त्यांच्या मांडीवर होता, मूठ अजून मिटलेली. "आज सोडली नाय."