दोरीपलीकडची नात

वेखंडाचा वास आला की जत्रेतल्या तंबूतला सिनेमा आठवतो. बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे, मधे दोरी. वेखंड लावलेली ताईची तान्ही लेक आईने दोरीलगत गोधडीवर निजवली होती. मध्यंतरात दिवे लागले, तर गोधडी रिकामी.

"तू उचललीस व्हय गं?" आईने ताईला विचारलं.

"न्हाई आई, म्या न्हाई!"

मी दोरीखालून पलीकडे घुसले. फौजेतून निवृत्त झालेले आमचे आण्णा, चारचौघांत लेकरू कधी न उचलणारे, नातीचे कान तळव्यांनी झाकून बसले होते.

"आवं, सांगायचं तरी!" आई रडतच ओरडली.

"लय गोळीबार चाललावता पडद्यावर. बायकांत येऊन मागायची लाज वाटली."

तेव्हा मी त्यांच्यावर भडकले. आता वाटतं, आम्हा बहिणींच्या वेळी त्यांचं तेवढंही धाडस झालं नव्हतं.