लाल लोकर बांधलेली वाम

आमच्या वसाहतीत याओ गनफूला शिट्टीशिवाय कोणी पाहिलेलं नव्हतं. गळ्यात काळ्या दोरीला पितळी शिट्टी, आणि हात नेहमी जरासा उचललेला, आत्ता कोणाला तरी "हळू" म्हणणार असल्यासारखा. गोदीत तो क्रेनवाल्याला खुणा करायचा. वर काचेच्या खोलीत बसलेल्याला खालचं काही धड दिसत नाही, त्याला दिसतात ते गनफूचे हात. बोट फिरवलं की उचल, मूठ मिटली की थांब. घरी भात वाढतानासुद्धा पुरे झालं की हा मूठ मिटायचा. त्याची बायको मेइदी करवादायची, "बोल ना रे म्हाताऱ्या! मी काय क्रेन आहे?"

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. शांघायच्या या नदीकाठी आमची इमारत गोदीच्या भिंतीला इतकी लागून आहे, की आमचे धुतलेले कपडे आणि त्यांच्या बोटी एकाच उन्हात वाळतात. आत काय चाललंय हे पुरुषांनी घरी सांगायचं नाही, आणि बायकांनी विचारायचं नाही. विचारायची गरजही नसायची. नवऱ्याच्या नखांत केशरी रंग आला तर मालाची बोट, राखाडी आला तर नौदलाची. कपडे धुणाऱ्या बाईपासून आरमार कसलं लपतंय?

त्या वर्षी सगळ्यांच्या नखांत राखाडी. नव्या जातीच्या फ्रिगेट, म्हणजे लढाऊ बोटी, त्यांतली ही पहिलीच. आधीच्यांपेक्षा लांब आणि अंगाने भरलेली. पहिलटकरणीसारखे हिचे लाड आणि हिचीच काळजी. चष्मेवाले लोक नकाशांच्या गुंडाळ्या घेऊन यायचे, मग आधी बसवलेलं काहीतरी काढायचे आणि पुन्हा बसवायचे. तिचे तुकडे शेडमध्ये उलटे जोडले, सुलटे केले, एकाला एक डकवले. मग पोकळ देह पाण्यात उतरवून धक्क्याला बांधला. जुन्या बोटींच्या डोलकाठ्या कशा, लोखंडी शिडीसारख्या, आरपार आभाळ दिसायचं. हिची म्हणजे चारी बाजूंनी बंद मनोरा, मोमो उकडायची टोपली टोपलीवर रचावी तसा. ती ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली होती, आणि ती चढवायची गनफूच्या हातांनी. निवृत्तीला आलेला माणूस. ही बोट समुद्रात जाताना धक्क्यावर उभं राहून निरोप द्यायचा आणि मग शिट्टी खुंटीला लावायची, एवढीच त्याची इच्छा होती. मला एकदा जिन्यात म्हणाला होता, "आजी, पोरगी सासरी गेली की बाप मोकळा."

डोलकाठी चढवायचा दिवस उजाडला तो कोरड्या वाऱ्याचा. नेमका वामी सुकवायचाही तोच वारा. थंडीच्या तोंडाशी आमच्याकडे घरोघरी वाम पाठीतून चिरतात, मीठ आणि तांदळाची पिवळी दारू चोळतात, बांबूच्या काड्यांनी पसरून गॅलरीत टांगतात. मेइदी तिला लाल लोकरीने बांधायची, तिच्या आईची तशी रीत होती. त्या वर्षीची वाम निघाली पुरुषभर लांब. मेइदीला राहवेना. फोनवर फोटो काढला आणि निंगबो शहरातल्या बहिणीला पाठवला: "बघ, यंदाची कशी आहे!"

बहिणीने वाम पाहिली. बहिणीच्या जावयाने वामीच्या मागे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावरची थान बाई धापा टाकत माझ्याकडे आली, मेइदीही तिथेच भाजी निवडत होती. थान बाईने फोन पुढे केला. बोटींचे वेडे लोक फोनवर जिथे जमतात तिथे तो फोटो फिरत होता. त्यातून वाम कापून टाकली होती, क्रेनला लटकलेली उघडी डोलकाठी मोठी केली होती आणि भोवती लाल गोल काढला होता. पण कापणाऱ्याचा हात जरा कमी पडला होता. कोपऱ्यात शेपटी राहिली होती, लाल लोकरीची गाठ मारलेली.

"ही तुझीच गं," थान बाई म्हणाली. "अशी गाठ दुसरं कोण मारतं?"

मेइदीच्या हातातली जुडी खाली पडली. "मी बोटीचा फोटो नाही काढला! मी वामीचा काढला!"

"गोदीतल्या पहारेकऱ्यांना वाम कळते का?"

मीच म्हणाले, लोकर सोड, वाम आत घे. सोडायला गेली, पण गाठ सुटेना, शेवटी दातांनी सोडवली. मग वाम पलंगाखाली गेली आणि सगळं घर मिठाने आणि माशाने घमघमू लागलं, म्हणजे लपवलेली वस्तू ओरडूनच सांगत होती. जिन्यात पावलं वाजली की ती दचकायची. "आजी, त्याला नेतील का हो? चाळीस वर्षं एक बोल्ट घरी आणला नाही त्याने, आणि मी अख्खी डोलकाठी बाहेर पाठवली!"

दुपारच्या जेवणाला गनफू आला. नवऱ्याला काही सांगावं लागलं नाही, गोदीत सकाळपासून हीच चर्चा होती. पहारा खात्याचे लोक उद्यापासून इमारतीत घरोघर विचारायला येणार होते. तो खाली वाकला, पलंगाखालून वाम काढली आणि म्हणाला, "लोकर कुठाय?"

"वेडा झालास का? फोन नदीत टाकते. हरवला म्हणू."

"आणि थान बाईंना विचारलं तर? आजींना? सगळ्या इमारतीने खोटं बोलायचं? लोकर दे."

त्याने गाठ मारली. मेइदी रडता रडता म्हणाली, "उलटी मारलीस." मग तिनेच सोडून नीट मारली. तो वाम खांद्यावर टाकून गेला, आणि आम्ही दोघी गॅलरीतून त्याला गोदीच्या फाटकापर्यंत पाहत राहिलो. आत शिरताना त्याने मागे पाहिलं नाही. मेइदीने माझं मनगट असं धरलं होतं की वळ उठले.

दुपार सरली. चहा दोनदा गार झाला. मेइदीने त्याच्या जाड कपड्यांचं गाठोडं बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं. "आत थंडी असेल," एवढंच बोलली. कुठे आत, ते मी विचारलं नाही.

अंधार पडायच्या आत तो आला. वाम खांद्यावर होती. गळ्यात शिट्टी नव्हती.

"साहेब म्हणाले, याओ उस्ताद, नदीवरच्या प्रवासी बोटीतूनही लोकांनी फोटो काढलेत. पण ते उस्तादांच्या घरातून नाही काढले." तो खुर्चीत बसला. "आता भांडारात बसायचं. बोट जाईपर्यंत धक्क्यावर पाय ठेवायचा नाही."

मेइदी म्हणाली, "सुटलास ना?" आणि मग त्याचं तोंड पाहून तिने गाठोडं पायाने पलंगाखाली सारलं.

आठवड्याभरात गोदीचे लोक आले आणि नदीकडच्या प्रत्येक काचेवर दुधासारखा पांढरा कागद चिकटवून गेले. गॅलरीही बंद केल्या. मेइदीशी जिन्यात कोणी नीट बोलेना. "एका वामीपायी सगळी इमारत आंधळी," थान बाई मोठ्याने म्हणायची. गनफू भांडारातून परत यायचा, त्या पांढऱ्या काचेसमोर बसायचा. त्याचे हात मांडीवर पडलेले असायचे, काहीच सांगत नसायचे. भात पुरे झाला तरी मूठ मिटत नव्हती. मेइदी वाढत जायची आणि तो खात जायचा.

वाम मात्र तिने शिजवली नाही. त्या पांढऱ्या काचेपुढेच चौकटीच्या खिळ्याला टांगून ठेवली. नवं वर्ष गेलं, ऊब आली, वाम वाळून फळकूट झाली. मी म्हटलं, "अगं, आता तरी काढ, वास सुटेल." ती म्हणाली, "असू द्या आजी." मला वाटलं, स्वतःला शिक्षा करतेय.

एका सकाळी आम्ही तिघं त्यांच्याकडे पाणीभात खात होतो, तेव्हा नदीवरून लांब भोंगा आला. गनफूचे कान गोदीने खाल्लेत, पण भोंगा त्याला छातीत कळतो. वाडगा ठेवून तो उठला, आणि काचेपाशी जाऊन उभा राहिला. पुढे पांढरा कागद.

मेइदीने आधी दाराला कडी लावली. मग वाम हाताने बाजूला सारली. मागे, बरोबर त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, नखाने खरवडलेली बोराएवढी भोकं होती, दोन.

"बघ लवकर," ती कुजबुजली. तिची नजर दारावरच होती. "लवकर रे म्हाताऱ्या, कोणी येईल."

तो वाकला, काचेला कपाळ टेकवलं. मला बोट दिसली नाही. मला त्याचा हात दिसला. तो हळूहळू वर आला, बोटं सुटी झाली, आणि एक एक दोर सोडत असल्यासारखी हलत राहिली. मग बराच वेळ तसाच हात, आणि शेवटी त्याने मूठ मिटली.

मेइदीने वाम पुन्हा जागेवर सोडली आणि कडी काढली.