वाकवलेला रॉड

उद्यमनगरातला आमचा मिस्त्री बोलत नाही, ओरडतो. शेजारी उभ्या माणसाशीही पलीकडच्या गल्लीतून हाक मारल्यासारखा बोलतो. उघड्या बॉनेटजवळ तो कुणाला फिरकू देत नाही. "पावणं, मागं सरा की!" हेच त्याचं स्वागत.

त्या दिवशी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आणि त्यांच्या जुन्या गाडीला घेऊन गेलो होतो. ॲक्सिलरेटरचं पॅडल तळाला टेकलं तरी गाडी जोर धरत नव्हती, आणि आबांना सकाळी स्वतः चालवत मलकापूरला जायचं होतं. ते बाकावर चहा घेत बसले.

मिस्त्री चक्क स्वतः सीटवर बसला आणि मला बॉनेटकडं पाठवलं. त्यानं पॅडल दाबलं. कार्बोरेटरची झडप अर्धी उघडून थांबली. पॅडलकडून येणारा रॉड वाकला होता आणि त्यावर पकडीचे व्रण होते.

"हा कुणीतरी मुद्दाम वाकवलाय," मी म्हणालो.

तो उतरून जवळ आला. त्याचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता.

"मीच. दिवाळीच्या आधी आबा ट्रायल घ्यायला निघालं, तर समोरची म्हस त्यास्नी दिसलीच न्हाय. किल्ली काढून घ्यायचं काम तुमचं हाय, माझं न्हवं. गाडी लई पळू नये, एवढंच मला जमलं, ते मी केलं. आता सरळ करू?"

त्यानं खिशातली गाडीची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. मग बाकाकडं वळून तो नेहमीसारखा ओरडला, "आबा, किल्ली तुमच्या पोराकडं हाय बघा!"

आबांनी कप ठेवला, उठले आणि माझ्यापुढं हात केला.