वेचणीपुरती माय

मजूर मिळत नाहीत, असं कोणी माझ्यासमोर म्हटलं की माझं डोकं फिरतं. मिळत नाहीत म्हणजे काय? आम्ही काय हरवलेल्या शेळ्या आहोत? वस्ती आहे तिथेच आहे. सेलूहून हिंगणीकडे जाताना गाव लागतं, गाव संपलं की आम्ही लागतो. वर्षाचे दहा महिने हा रस्ता कोणाला माहीत नसतो. दिवाळी झाली, कापूस फुटला, की सगळ्यांना बरोबर सापडतो. सकाळी सहाला मोटरसायकली उभ्या. कोणी दारात येऊन ताई म्हणतं, कोणी मावशी. ज्या माणसानं आखाडात 'ए बाई, सरक तिकडं' म्हटलेलं असतं, तोच आता विचारतो, तब्येत बरी आहे ना? कामापुरता मामा आणि ताकापुरती आजी, हे शाळेत शिकलो होतो. आमच्याकडे माय वेचणीपुरती असते, हे कोणी शिकवलं नाही, ते आपोआप कळलं.

आणि हो, पोरी गेल्या. बुटीबोरीच्या कंपन्यांत गेल्या, सावलीत उभं राहून डब्यांना कागद चिकटवतात आणि महिन्याच्या महिन्याला पगार घेतात. शहाण्या आहेत. मला वीस वर्षं आधी कंपनी सापडली असती तर मीही गेले असते. कापूस दिसतो मऊ, पण बोंड वाळलं की त्याची टोकं नखांच्या बाजूची कातडी सोलतात. रात्री मिठात बोटं पडली की स्वयंपाक करावासा वाटत नाही. दिवसभर वाकायचं, कमरेला बांधलेल्या ओट्यात कापूस भरायचा, ओटा पोटावर लोंबू लागला की गठोड्यात रिकामा करून परत वाकायचं. एवढं करून गावातले मोठे लोक पारावर बसून म्हणतात, बाया माजल्या. आमचा माज कुठे असतो तो मला एकदा दाखवा, मीही बघेन.

आता मी वेचायला जात नाही, एका शाळेत खिचडी शिजवते. पण तेव्हा जायचे. आमचा बारा जणींचा गट होता. बारावी झालेली आणि मोठा फोन असलेली मी एकटीच, म्हणून कोणाच्या वावरात जायचं ते माझ्या फोनवर ठरायचं. असं मी समजत होते. खरं ठरायचं माझ्या मायमुळे.

माय साठीच्या पुढची. माझ्या निम्मा कापूस तिच्यानं होत नसे, पण तिच्या कापसात पाल्याचा एक कण सापडायचा नाही. तीस-बत्तीस वर्षं ती एकाच घराच्या वावरात वेचत होती. सेलूत त्यांचं दुकान आणि आमच्या गावाला लागून जमीन. दुकान शेठ बघायचे, जमीन शेठाणी. ही शेठाणी लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्या मायला माय म्हणायची. नुसतं 'वो माय' नाही, लांबून हेल काढून, 'मा-य, आली का वो तू!' वेचणीच्या पहिल्या दिवशी पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, त्याला आमच्याकडे सीतादही म्हणतात. त्या दिवशी शेठाणी आरती झाली की सगळ्यांदेखत म्हणायची, "पहिलं बोंड माह्या मायच्या हातानं." आणि माझी माय डोक्यावरचा पदर सारखा करून, लाजत, पहिलं बोंड तोडायची.

मला हे बघवत नसे. एकदा मी म्हटलं, "आपण बुद्धाची मानसं, तू काऊन त्यायच्या पूजेत जातं?"

"पूजा तिची, बोंड माहं," माय म्हणाली. "तुले काऊन टोचते?"

टोचायचंच. खरं सांगते, मला हेवा वाटायचा. जन्मापासून मी तिला माय म्हणते आहे, त्याचं तिला काय? पण शेठाणीनं म्हटलं की ती वस्तीभर सांगायची. नळावर सांगायची, मयतीला गेली तिथे सांगायची. 'शेठानबाई मले माय म्हनते. तोंडदेखलं नाई म्हनत, मनातून म्हनते.' म्हातारपणी तिच्याजवळ मिरवायला एवढीच एक गोष्ट होती आणि तिनं ती जिवापाड जपली होती.

त्या वर्षी बाया फारच कमी पडल्या. शेजारच्या गावात वेचणीला किलोमागे दहा रुपये मिळायला लागले. मग आमच्या गावातले शेतकरी देवळात बसले आणि ठरवलं की आठच्या वर कोणी द्यायचे नाहीत, देईल त्याला दंड. आम्हाला कोणी विचारलं नाही. खरं तर कशाला विचारतील, बैलाला विचारून कोणी कासरा बांधतं का? आमच्या गटातल्या बाया म्हणाल्या, शेजारच्या गावी जाऊ, अर्ध्या तासाची तर वाट आहे. मीही तेच म्हटलं. माय उठून उभी राहिली.

"मी नाई येत. मायच्या नात्यात भाव करतात का?"

आणि माय नाही तर मी नाही, मी नाही तर फोन नाही. कुरकुर करत बाया आठात तयार झाल्या. दोघीतिघी मायशी बोलेनाशा झाल्या. एक तर मला तोंडावर म्हणाली, तुह्या मायच्या लाडापायी आमचे दोन रुपये बुडाले. तिचं बरोबर होतं.

शेठाणी आमच्यासाठी ऑटो पाठवायची. नोव्हेंबर संपत आला होता, आभाळ भरून आलेलं, कापूस पार फुटून लोंबत होता. पाऊस आला असता तर सगळा काळा पडला असता. सकाळी ऑटोत बसलो आणि माझ्या फोनवर शेठाणीचा आवाजी मेसेज आला. मला वाटलं, आज कोणत्या वावरात उतरायचं ते सांगत असेल. ऑटोच्या फटफटीत ऐकू येत नाही म्हणून मी आवाज मोठा करून लावला. तो मेसेज माझ्यासाठी नव्हता. हिंगणघाटला तिची धाकटी बहीण दिलेली आहे, तिच्याकडेही कापूस आहे, तिच्यासाठी होता. बोट चुकलं आणि आला माझ्याकडे.

"हे पाय, भाव वाढवाच्या भानगडीत तू पडूच नको. एकदा वाढवला का खाली येत नाई. बाया माजल्या सध्या, पन गोड बोललं का येतात बरोबर. गोड बोलाले काय पैसे लागतात? माह्या इथं थे म्हातारी हाये ना, तिले मी माय म्हनतो. माय म्हनलं का म्हातारी पोरीले आनते, पोरीच्या मागं धा बाया. म्हातारीच्या हातून काई होत नाई, पन दोरी तिची हाये. ओढली का सारा गोठा येते. एकदाची वेचनी झाली का मंग कोन माय न कोन मावशी."

मी बंद करेपर्यंत सगळं ऐकून झालं होतं. ऑटोवाल्यानं वेग कमी केला. समोरची बाई, जी मायशी बोलत नव्हती, ती बाहेर बघायला लागली. हसायला पाहिजे होती ती, पण हसली नाही.

माय म्हणाली, "पुन्हा लाव बरं."

"कशाले?"

"लाव म्हनतो ना."

मी लावला. ती कान पुढे करून ऐकत होती. तिला अलीकडे कमी ऐकू यायचं. संपल्यावर तिनं विचारलं, "गोठा म्हनली का कोठा?"

"गोठा," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. एखादीला भाजीचा भाव कळावा तशी.

वावरात उतरल्यावर मी बायांना सांगितलं, कोणी ओटा बांधायचा नाही. आम्ही धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसलो. शेठाणीला तोवर चूक कळली असावी, कारण माझ्या फोनवरचा मेसेज नाहीसा झाला. त्याच्या जागी तो खोडल्याची ओळ आली. अर्ध्या तासात ती गाडीतून आली, हातात गरम आलूबोंड्यांची पिशवी. आली तशी हेल काढून म्हणाली, "मा-य, अवो बसल्या काऊन साऱ्या?"

मेसेज खोडला होता, पण माझी जीभ शाबूत होती. मी उभी राहिले आणि तिच्याच आवाजात, तिच्याच हेलात, पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. लहानपणापासून मला नकला येतात. 'गोड बोलाले काय पैसे लागतात' म्हणताना मी तिच्यासारखा हातही उडवला. बाया पदरात तोंड घालून हसल्या. शेठाणीचा चेहरा असा झाला की मला आजही आठवलं की बरं वाटतं. वाईट वाटायला पाहिजे, असं कोणी म्हणेल. नाही वाटत.

मग मी भाव सांगितला, दहा. तिनं एकदा आभाळाकडे बघितलं, एकदा कापसाकडे.

"नऊ घे."

"गोठ्याचा भाव दहा हाये," मी म्हटलं.

"बरं, दहा देतो. पन गावात सांगजो नको. माह्या घरच्यालेही नाई." आणि मग, कोणी सांगितलं नसताना, ती माझ्या मायपुढे वाकली. "माय, चुकलं माहं. तोंडातून गेलं." ती पायाला हात लावणार तेवढ्यात मायनं पाय मागे घेतले.

"राहू द्या शेठानबाई. कापूस भिजन."

एवढंच बोलून तिनं ओटा बांधला आणि दिवसभर वेचलं. त्या संध्याकाळी मी तरंगत होते. ऑटोत बाया मला टाळ्या देत होत्या. देवळात बसलेल्या सगळ्या पुरुषांचा ठराव मी एका सकाळी मोडला होता आणि मायचा अपमानही भरून काढला होता, असं मला वाटत होतं. घरी आल्यावर मी तिला दोनदा म्हटलं, कशी जिरवली! ती भाकरी थापत होती. म्हणाली, "हो, चांगली जिरवली."

दुसऱ्या दिवशी उठले तर तिचं अंथरूण गुंडाळून ठेवलेलं आणि डबाही नेलेला. ऑटोची वाट न बघता पायी निघून गेली होती. मला वाटलं, पुढे जाऊन वेचायला लागली असेल. वावरात पोचलो तर ती नव्हती. शेठाणीच होती, कालच्यापेक्षा गोड. "माय दिसत नाई वो आज? बरं नाई का तिले?"

मला माय दिसली. धुऱ्याच्या पलीकडे, शेजारच्या वावरात, एकटी वाकलेली.

ते वावर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं. तोंडाचा इतका घाण की त्याच्याकडे बाया टिकत नसत. प्रत्येक वाक्यात एक शिवी, बाईमाणूस असो की बैल. भाव आठ, ठरावाप्रमाणे. कोणाला ना चहा, ना ऑटो. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी धुरा ओलांडून गेले. डोक्यात राग मावत नव्हता.

"तुह्यासाठी भांडलो मी काल. आन तू इथं?"

"माह्यासाठी नाई भांडली. दोन रुपयासाठी भांडली," ती म्हणाली. हात चालूच होते. "बरं केलं. भांडाच लागते."

"मंग दहा सोडून आठात काऊन मरतं?"

"थे मले माय म्हनते."

"आता कशी म्हनन? कालचं तोंड पाह्यलं नाई का तिचं?"

"आता तर जास्त म्हनन."

बरोबर होतं. सकाळीच म्हटलं होतं शेठाणीनं, मी ऐकलं होतं. तेवढ्यात तो म्हातारा तिकडून ओरडला, "ए म्हातारे, वेचाले आली का पंचाईत कराले?" आणि त्याला जोडून एक शिवी. मी उलट बोलणार होते, मायनं माझं मनगट धरलं.

"बोलू दे त्याले. तो म्हातारी म्हनते. म्हातारीच आहो मी."

मनगट सोडून ती परत वाकली. तिच्या ओट्यात बोटभरही कापूस नव्हता, सकाळपासून बहुतेक एकच गठोडं झालं असेल, आणि त्यात पाल्याचा कण नसेल हे मला न बघता माहीत होतं. मी धुऱ्यावरून परत आले. शेठाणीनं चहा आणला होता, तो मी घेतला. दुपारनंतर मी दहाच्या वावरात वाकले होते आणि मान वर केली की आठच्या वावरात ती दिसायची. शेठाणीचा आला नव्हता इतका राग मला मायचा आला. तो अजून गेलेला नाही.