खिळ्यांची खिडकी

ऑफिस पुन्हा सुरू झालं त्या सकाळी साळवींच्या टेबलामागची, कायम खिळे ठोकून बंद असलेली खिडकी सताड उघडी दिसली. साळवींना दमा होता. ती खिडकी उघडा म्हणून ते वर्षानुवर्षं अर्ज करत राहिले. एसीची थंडी वाया जाते, असं उत्तर मिळे आणि आम्ही हसायचो, मीसुद्धा. साथीत साळवी गेले. आता वरून परिपत्रक आलंय, कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी हवा खेळती ठेवा. साळवींचे अर्जही कागदच होते, फक्त ते खालून वर जात होते. हवा खेळतेय आता, त्यांच्या रिकाम्या खुर्चीभोवती.

"फार खटपट करावी लागली का हो?" मी शिपाईमामांना विचारलं.

"छे मॅडम, चारच तर खिळे. दोन मिनिटांत निघाले."